चौकोन, गोल आणि तिरपी रेघ : लेकाच्या ल्युकेमियानंतर आम्ही काढलेली वंशावळ

जुलै २०२२. लेक साडेचार वर्षांचा होता. रात्री "पाय दुखतो" म्हणून उठायचा, मी तेल लावून द्यायचे. मग ताप येऊन-जाऊन सुरू झाला. इंदूरला पावसाळ्यात डेंग्यूची साथ असतेच, त्यामुळे दोन आठवडे त्यातच गेले. ११ ऑगस्टला रक्त तपासलं तेव्हा हिमोग्लोबिन ६.८, प्लेटलेट २२ हजार, पांढऱ्या पेशी ४८ हजार. बालरोगतज्ज्ञांनी रिपोर्ट घडी करून परत माझ्या हातात दिला आणि म्हणाले, "घरी जाऊ नका, इथूनच ॲडमिट व्हा." १३ तारखेला बोन मॅरो, म्हणजे हाडांतली मज्जा, तपासायला काढली, १७ ला नाव कळलं: बी-सेल अक्यूट लिम्फोब्लास्टिक ल्युकेमिया, म्हणजे रक्ताचा कॅन्सर. मुलांमध्ये सर्वांत जास्त आढळणारा कॅन्सर हाच, आणि तो बरा होण्याचं प्रमाणही चांगलं आहे, हे डॉक्टरांनी त्याच बैठकीत सांगितलं. मला त्यातलं फक्त पहिलं वाक्य ऐकू आलं.

उपचारांबद्दल अनेक पालकांनी चांगलं लिहिलंय. मी लिहितेय ते एका प्रश्नाबद्दल, जो आम्हाला अडीच वर्षं चिकटून राहिला: हे आलं कुठून? आमच्या घराण्यातून आलं का? आणि धाकटीलाही होईल का?

हा प्रश्न पहिल्यांदा मोठ्याने विचारला गेला तो ३१ ऑगस्टला. गणेश चतुर्थी होती. रामबागेतल्या घरी त्या वर्षी फक्त दीड दिवसांचा गणपती, मोदक सासूबाईंनी एकटीने केले, आणि प्रसाद घेऊन त्या वॉर्डाच्या दारापर्यंत आल्या. काउंट, म्हणजे रक्तातल्या पेशींची मोजणी, कमी म्हणून आत कुणाला सोडत नव्हते. दारातच, अगदी हळू आवाजात त्यांनी विचारलं, "अगं, तुमच्याकडे कुणाला होतं का असं?" त्यात टोमणा नव्हता. त्यांना कारण हवं होतं, मलाही हवं होतं. पण त्या "तुमच्याकडे"ने मला कित्येक रात्री झोप लागली नाही. त्यात भर माझ्या आठवणीची: ७ ऑगस्ट २०१७, नारळी पौर्णिमा, रात्री चंद्रग्रहण. मी चार महिन्यांची गरोदर होते आणि अकराच्या सुमारास भूक लागली म्हणून सफरचंद चिरून खाल्लं होतं. एम.कॉम. झालेली, बँकेत नोकरी करणारी बाई मी, तरी ते सफरचंद माझ्या डोक्यातून जाईना.

ऑगस्टच्या अखेरीस फिश नावाच्या जनुक-तपासणीचा रिपोर्ट आला. कॅन्सरच्या पेशींत ईटीव्ही६ आणि रन्क्स१ ही दोन जनुकं तुटून एकमेकांना जोडली गेली होती. डॉक्टर म्हणाले की हा प्रकार औषधांना चांगली दाद देतो. सप्टेंबरच्या चौथ्या आठवड्यात इंडक्शन, म्हणजे किमोचा पहिला टप्पा, संपलं. एमआरडी, म्हणजे उरलेल्या कॅन्सरच्या पेशी शोधणारी तपासणी, निगेटिव्ह आली. तोपर्यंतचा आमचा खर्च २ लाख ८० हजार, त्यातला बराचसा मेडिक्लेममधून निघाला. ज्यांच्याकडे आयुष्मान कार्ड आहे त्यांना कुटुंबामागे वर्षाला ५ लाखांपर्यंत संरक्षण मिळतं. दाखल होतानाच आयुष्मानच्या टेबलावर जाऊन नाव लावा, नंतर लावायला गेलं की अडचणी येतात, हे आमच्या शेजारच्या खाटेवरच्या धारच्या कुटुंबाकडून कळलं.

पुढचे सहा-सात महिने किमोचे. ते सगळं इथे लिहीत नाही.

एप्रिल २०२३ मध्ये मेन्टेनन्स, म्हणजे उपचारांचा शेवटचा लांब टप्पा, सुरू झालं. रोज सिक्स-एमपीची गोळी, आठवड्यातून एकदा मेथोट्रेक्सेट, दोन्ही किमोचीच औषधं, ९६ आठवडे. आता शाळेत जाईल असं वाटत होतं, आणि पाचव्या आठवड्यात त्याला १०३ ताप आला. एएनसी, म्हणजे जंतूंशी लढणाऱ्या न्यूट्रोफिल पेशींची मोजणी, मेन्टेनन्समध्ये ७५० ते १५०० च्या आसपास ठेवतात. त्याची आली ९०. नऊ दिवस ॲडमिट. गोळ्या थांबवल्या, काउंट वर आला, गोळ्या सुरू केल्या, तीन आठवड्यांत पुन्हा १८०. तोंडात इतके फोड की थुंकीही गिळवेना. मला वाटलं आजारच परत आला.

डॉक्टरांनी तेव्हा पहिल्यांदा 'एनयूडीटी१५' हे नाव घेतलं. सिक्स-एमपी शरीरात गेल्यावर तिचं जे कामाचं रूप तयार होतं, ते निकामी करणारं एक एन्झाइम या जनुकावरून बनतं. काहींच्या जनुकात बारीक फरक असतो, एन्झाइम दुबळं पडतं, औषध पेशींमध्ये साचत जातं आणि रक्तपेशी तयार करणारी मज्जा दबते. टीपीएमटी नावाचं असंच दुसरं जनुक डॉक्टरांना खूप आधीपासून माहीत होतं, पण ते फरक युरोपीय लोकांत जास्त. एनयूडीटी१५ चं महत्त्व २०१४ मध्ये कोरियातल्या आतड्याच्या आजाराच्या रुग्णांवरून कळलं, आणि आशियाई लोकांत, आपल्या भारतीयांतही, हाच फरक जास्त दिसतो. दोन्हींची एकत्र तपासणी साडेसहा हजार रुपयांत झाली, रिपोर्टला बारा दिवस लागले. सॅम्पलच्या फॉर्मवर शेवटचं रक्त कधी चढवलं ती तारीख लिहायला सांगतात, ती डायरीत टिपलेली असू द्या.

रिपोर्ट: एनयूडीटी१५च्या दोन प्रतींपैकी (एक आईकडून, एक वडिलांकडून आलेली) एक मंद. दोन्ही मंद असत्या तर औषध अगदी थोडंसंच देता आलं असतं. आमचा डोस आठवड्यातले सहा दिवस एक गोळी आणि एक दिवस अर्धी असा होता, तो रोज अर्धी गोळी इतका झाला. पुढे त्याचं वजन आणि काउंट बघून थोडा वाढवला, पण परत कधी एएनसी ५०० च्या खाली गेली नाही. ही तपासणी मेन्टेनन्सच्या आधीच झाली असती तर ते दोन मुक्काम वाचले असते असं मला आजही वाटतं. म्हणून इतर पालकांना सांगते, सिक्स-एमपी सुरू होण्याआधी डॉक्टरांना याबद्दल स्वतःहून विचारा. आणि गोळी अर्धी करायची तर औषधाच्या दुकानात मिळणारं गोळी कापायचं यंत्र घ्या, हातमोजे घाला, त्या सुरीने दुसरं काही चिरू नका. मी फ्रिजवर कालनिर्णय लावून प्रत्येक तारखेवर गोळीचं चित्र काढायचे, अर्धं किंवा पूर्ण. लेक त्यावर फुली मारायचा.

मी मात्र घरी येऊन नवऱ्याला म्हणाले, "बघ, जनुकात दोष निघाला." इथे माझी मोठी गल्लत झाली होती. औषध पचवण्याचा हा फरक आणि ल्युकेमिया होणं यांचा एकमेकांशी संबंध नाही. डॉक्टरांनी ते दोनदा सांगितलं, पण धाकटीबद्दलची माझी भीती बघून त्यांनी मुंबईतल्या एका कॅन्सर रुग्णालयाच्या जनुकीय सल्ला विभागासाठी चिठ्ठी लिहून दिली. फोनवर वेळ मिळाली २३ नोव्हेंबरची, म्हणजे अडीच महिने पुढची. सोबत निरोप: येताना तीन पिढ्यांची माहिती आणा. कोण, किती वयाचं, कशाने गेलं, कॅन्सर असेल तर कोणत्या वयात, आणि नात्यात लग्नं झाली आहेत का.

आमच्या घरी छापील कुलवृत्तांत आहे, लाल कापडी बांधणीचा. मला वाटलं, अर्ध्या तासाचं काम. उघडला तर त्यात मूळ पुरुषापासून होळकरांच्या चाकरीत इंदूरला आलेल्या शाखेपर्यंत सगळे पुरुष हजर, कुणी कोणतं गाव सोडलं तेही हजर. पण मुलींची नावं लग्नापर्यंतच. लहानपणी गेलेल्या मुलांचा उल्लेखच नाही. कोण कशाने गेलं हे तर कुठेच नाही. जी माहिती आम्हाला हवी होती, नेमकी तीच आपल्याकडे कुणी लिहून ठेवत नाही.

मग सप्टेंबरभर रोज दुपारी, धाकटी झोपली की, सासूबाई आणि मी जेवणाच्या टेबलावर ड्रॉइंग पेपर पसरून बसायचो. पुरुषाला चौकोन, बाईला गोल, गेलेल्या माणसावर तिरपी रेघ, कॅन्सर झालेल्याचा चौकोन किंवा गोल काळा करायचा. सासूबाईंना ती तिरपी रेघ मारवत नसे, त्या पेन्सिल माझ्याकडे द्यायच्या. तिसऱ्या दिवशी त्यांनी सांगितलं की माझ्या नवऱ्याच्या आधी त्यांना एक मुलगी झाली होती, सात महिन्यांची होऊन गेली. लग्नाला अकरा वर्षं झाली, मला हे माहीत नव्हतं. नवऱ्यालाही धड माहीत नव्हतं. "तापाने," त्या म्हणाल्या. "तेव्हा कोण तपासतंय." आम्ही एक छोटा गोल काढला. त्या बराच वेळ त्याच्याकडे बघत राहिल्या आणि मग आत जाऊन चहा ठेवला.

नात्यातलं लग्न निघालं एकच, सासूबाईंच्या आजोबांचं, मामाच्या मुलीशी. चुलत सासऱ्यांबद्दल त्या सहज म्हणाल्या, "त्यांना आतड्याचा त्रास होता, कसल्याशा गोळ्या सुरू केल्या आणि तीन आठवड्यांत डोक्यावरचे सगळे केस गेले, मरता मरता वाचले." मी ते समासात लिहून ठेवलं. तेव्हा त्याचा अर्थ मला कळला नव्हता.

माझ्या बाजूचा कागद भरायला आईला फोन केला आणि तिथे हात थांबला. माझी मावशी चौतिसाव्या वर्षी स्तनाच्या कॅन्सरने गेली, हे माहीत होतं. तिचा मुलगा पंधराव्या वर्षी "पायाच्या गाठीने" गेला एवढंच आम्ही ऐकलेलं. आई म्हणाली, "हाडाचा कॅन्सर होता तो. तेव्हा सांगत नसत." दोन काळे आकार, शेजारी शेजारी, माझ्या बाजूला. सासूबाई समोरच बसल्या होत्या. त्यांनी माझा हात धरला आणि म्हणाल्या, "त्या दिवशी दवाखान्यात मी विचारायला नको होतं."

अवंतिका एक्सप्रेस संध्याकाळी इंदूरहून निघते, पहाटे मुंबई. कॅन्सरच्या रुग्णाला थ्री-टायर एसीत भाडं पूर्ण माफ असतं, सोबत्याला ७५ टक्के सवलत. त्यासाठी रेल्वेच्या ठरलेल्या नमुन्यात रुग्णालयाचं प्रमाणपत्र लागतं, त्यावर कुठून कुठे प्रवास ते लिहिलेलं हवं. पहिल्यांदा आमच्याकडून शिक्का राहिला आणि खिडकीवरून परत यावं लागलं. दोन जादा प्रती करून ठेवा. लेकासाठी उकळलेलं पाणी आणि घरचे पराठे नेले, स्टेशनवरचं काही दिलं नाही, पोहे बघून तो रडला तरी.

समुपदेशक बाई मराठी होत्या. दीड तास बोलल्या. आधी लेकाला डोक्यापासून पायापर्यंत तपासलं, अंगावर दुधाच्या चहासारखे तपकिरी डाग आहेत का पाहिलं, कारण काही आनुवंशिक आजारांत ते असतात. मग आमचा ड्रॉइंग पेपर उलगडला. मी ग्रहणाचं आणि सफरचंदाचंही सांगून टाकलं, त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, "ताई, ईटीव्ही६-रन्क्स१ची जोडणी बहुतेक वेळा बाळ पोटात असतानाच एका पेशीत होते, हे खरं आहे. जन्मानंतर टाचेतून घेतलेल्या रक्ताच्या जपून ठेवलेल्या थेंबांत ती सापडली आहे. पण ती आईने दिलेली नसते, बापानेही नाही. पेशी दुभागताना झालेली चूक असते ती. वेगवेगळ्या अभ्यासांनुसार शंभरातल्या एक ते पाच बाळांमध्ये ती असते, आणि त्यांतल्या बहुतेकांना आयुष्यात कधी ल्युकेमिया होत नाही. त्यासाठी पुढे आणखी बिघाड व्हावे लागतात." जुळ्यांचं उदाहरण त्यांनी दिलं. एका वारेवर वाढलेल्या एकसारख्या जुळ्यांत ती पेशी रक्तातून एकाकडून दुसऱ्याकडे जाते, तरीसुद्धा या प्रकारात दुसऱ्या जुळ्याला आजार होण्याची शक्यता साधारण दहा टक्के. मी ते ऐकून पहिल्यांदा खुर्चीला टेकून बसले.

मग आनुवंशिक भाग. २००९ मध्ये हजारो माणसांच्या तपासणीतून एआरआयडी५बी, आयकेझेडएफ१ आणि सीईबीपीई या जनुकांतले काही फरक सापडले. ते असलेल्या मुलांत हा ल्युकेमिया थोडा जास्त दिसतो, प्रत्येक फरकामुळे धोका साधारण दीडपट. "दीडपट" ऐकून माझ्या पोटात गोळा आला. त्यांनी कागदावर आकडे मांडले. पाश्चात्त्य देशांतल्या नोंदींनुसार पंधरा वर्षांच्या आत दोन हजार मुलांमागे साधारण एकाला हा आजार होतो, म्हणजे चार हजारांत दोन. दीडपट म्हणजे चार हजारांत तीन. उरलेली ३,९९७ मुलं तोच फरक घेऊन शाळेत जातात, मोठी होतात. हे फरक दुर्मीळही नाहीत, वाटेतल्या कुणाच्याही अंगात असतील. म्हणूनच त्यांची तपासणी करून कुणाला काही सांगता येत नाही, आणि एखाद्या प्रयोगशाळेने "ल्युकेमियाचा धोका" म्हणून असं पॅकेज विकायला आणलं तर घेऊ नका, असं त्यांनी बजावलं. धाकटीचा धोका इतर मुलांपेक्षा किंचित जास्त, पण मुळात इतका लहान की तिचं रक्त काढण्यात अर्थ नाही.

तपासायचं ते दुसरंच होतं. काही मोजक्या कुटुंबांत एकाच जनुकातला मोठा बिघाड पिढ्यान्‌पिढ्या उतरतो: टीपी५३, पॅक्स५, ईटीव्ही६. २०१५ च्या एका अमेरिकी अभ्यासात कॅन्सर झालेल्या ११२० मुलांची तपासणी झाली, त्यांत असा बिघाड साडेआठ टक्क्यांत निघाला, ल्युकेमियाच्या मुलांत चार टक्क्यांच्या आसपास. लेकाचा ल्युकेमिया टीपी५३च्या प्रकारातला वाटत नव्हता, पण टीपी५३च्या बिघाडात कमी वयात स्तनाचा आणि हाडाचा कॅन्सर होऊ शकतो, त्यामुळे माझी मावशी आणि तिचा मुलगा, हे दोन काळे आकार बघता तपासून घेणं योग्य, असं त्या म्हणाल्या.

यादीत ईटीव्ही६ वाचून मी म्हणाले, "म्हणजे आमच्या रिपोर्टातलंच!" तसं नाही. तिकडे ते कॅन्सरच्या पेशीत तुटलं होतं, बाकी शरीरात धड होतं. इथे प्रश्न होता की जन्मापासून प्रत्येक पेशीत ते धड आहे का. दोन रिपोर्टांत एकच नाव दिसलं की आधी हे विचारा: हा नमुना कॅन्सरच्या पेशींचा आहे की माणसाचा? याच कारणाने त्यांनी रक्ताऐवजी त्वचेचा नमुना घेतला, दंडावरून तीन मिलिमीटरचा, भूल देऊन. एक टाका पडला.

संमतिपत्रक चार पानांचं होतं. अनपेक्षित काही निघालं तर कळवायचं का, नमुना संशोधनासाठी ठेवायचा का, असे प्रश्न. घाई करू नका, आम्ही ते बाहेर बाकावर बसून सावकाश वाचलं. खर्च २४ हजार. मेडिक्लेमने नाकारला, "उपचार नाही, तपासणी आहे" म्हणून. आठ आठवडे सांगितले होते, लागले अकरा, कारण त्वचेच्या पेशी वाढायलाच वेळ लागतो. त्या काळात मी काय करत होते ते आठवत नाही. लेकाला गणितात बेरजा येऊ लागल्या एवढं आठवतं.

१२ फेब्रुवारी २०२४. व्हिडिओ कॉलवर निकाल. टीपी५३ धड. पॅक्स५ धड. ईटीव्ही६ धड. आणि एका चौथ्याच जनुकात एक बदल, ज्याचा अर्थ लागत नाही. ते ऐकून आम्ही दोघंही गप्प झालो. समुपदेशकांनी समजावलं की असे बदल आपल्याकडे जास्त निघतात, कारण जगभरच्या नोंदींत भारतीय फार कमी आहेत. त्याच महिन्यात जिनोम इंडिया प्रकल्पाने दहा हजार भारतीयांचे जनुकसंच वाचून पूर्ण केल्याची बातमी आली, ती मी कापून फाईलमध्ये ठेवली. अशा नोंदी वाढल्या की बहुतेक बदल निरुपद्रवी ठरतात. तोवर त्या बदलावरून कोणताही निर्णय घ्यायचा नाही, दोन वर्षांनी पुन्हा विचारायचं. मी फेब्रुवारी २०२६ साठी मोबाइलमध्ये आठवण लावली आहे.

समासातली ती ओळ त्यांनी स्वतःहून वाचली होती. चुलत सासऱ्यांच्या गोळ्या बहुधा ॲझाथायोप्रिन असाव्यात, सिक्स-एमपीच्याच घरातलं औषध. दोन्ही प्रती मंद असलेल्यांचे केस असेच जातात. नवऱ्याने दोन हजार रुपयांत एनयूडीटी१५ची तेवढी एकच तपासणी करून घेतली. त्याचीही एक प्रत मंद निघाली. हा आजार नाही, त्याचं काही दुखत नाही, पण पाकिटात आधार कार्डामागे एक चिठ्ठी ठेवली आहे: ॲझाथायोप्रिन किंवा सिक्स-एमपी देण्याआधी मात्रा तपासा. त्याने देवासच्या आणि उज्जैनच्या चुलत भावांनाही फोन करून हे सांगितलं.

६ मार्च २०२५ ला लेकाची शेवटची गोळी झाली. फ्रिजवरच्या कालनिर्णयावर त्याने शेवटची फुली मारली आणि मागच्या पानावर उगीचच आणखी चार मारल्या. आता दर महिन्याला रक्त तपासतो.

एक काम राहिलं आहे. लेकाचा टीपी५३ धड निघाला म्हणून मावशीच्या घरचा प्रश्न सुटत नाही. तो बदल तिच्याकडे असूनही माझ्या आईकडे, माझ्याकडे आलाच नसेल. मावशीची मुलगी आता बेचाळीसची आहे, तिला दोन मुली आहेत. हे तिला सांगायला मला वर्ष लागलं. संक्रांतीला तिळगूळ द्यायला गेले तेव्हा सांगितलं. ती काही बोलली नाही, विषय बदलला. गेल्या आठवड्यात तिचा फोन आला, "तुझ्याकडे तो कागद आहे ना, चौकोन-गोलांचा? त्यात माझ्या बाजूचं मी भरते." काल सासूबाईंनी तो ड्रॉइंग पेपर गुंडाळून माझ्या पिशवीत ठेवला, वर दोन टोकदार पेन्सिली आणि खोडरबर. रविवारी मी तिच्याकडे जातेय.